वाळूच्या बेटावरील विहीर

येरळेचे कोरडे पात्र आम्हां वडूजकरांस परिचित आहे. परंतु चोहोंकडे पाणी असूनही तहानेली राहणारी भूमी कोणती? लक्षद्वीपची बेटे तशी होत. पर्यटकांचे जहाज दूर खोल समुद्रात उभे राहते; प्रवासी होड्यांतून किनाऱ्यास लागून पांढऱ्या वाळूवर घटकाभर विहरतात. ती वाळू म्हणजे प्रवाळांचा चुरा. तेथे नदी नाही, डोंगर नाही. पावसाचे पाणी वाळूत मुरते व हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. उपसा फार झाला, की विहीर खारट होते. म्हणूनच कवरत्ती येथे २००५ साली समुद्रजल गोडे करणारे यंत्रगृह उभारले गेले. तेथील पाहुण्याने तांब्याभर पाणीही जपून वापरावे. आणि आम्ही हा धडा प्रथम आपल्याच विहिरीवर गिरवावा.