डॉ. दलीपसिंग सौंद : अमेरिकेच्या काँग्रेसमधील पहिले शीख सभासद

नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत ‘नागरिक’ या शब्दाची व्याख्या दोन ओळींत आटोपते, आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीं ती घोकली कीं आपण मोकळे होतों. या एका शब्दासाठीं ज्या गृहस्थांस २९ वर्षें तिष्ठावें लागलें, त्यांची हकीकत आमच्या विद्यार्थिवाचकांपुढें ठेवावी असें आम्हांस वाटतें. अमेरिकेच्या काँग्रेसमध्यें, म्हणजे तेथील विधिमंडळांत, मताच्या अधिकारानें बसलेले पहिले आशियाई सभासद ते हेच डॉ. दलीपसिंग सौंद होत.

त्यांचा जन्म २० सप्टेंबर १८९९ रोजीं पंजाबांत अमृतसर जिल्ह्यांतील छज्जलवाडी या खेड्यांत झाला. आईबाप निरक्षर होते. परंतु गांवांत शाळा नाहीं असें पाहून घरच्या वडीलमंडळींनींच ती काढली. १९१९ सालीं गणिताची पदवी घेऊन पुढच्याच वर्षीं दलीपसिंग अमेरिकेस गेले. हेतु मोठा गोड होता. फळें डब्यांत भरून टिकविण्याची विद्या शिकावी, थोड्याच वर्षांत परत यावें आणि स्वदेशीं आंब्याचा धंदा काढावा! कॅलिफोर्निया विद्यापीठांत त्यांनीं नांव घातलें व स्टॉक्टनच्या गुरुद्वारानें चालविलेल्या विद्यार्थिगृहांत ते राहूं लागले. पण गणिताचा लळा सुटेना. १९२२ सालीं ते एम्. ए. झाले, १९२४ सालीं डॉक्टर झाले, आणि आंबे राहिले ते राहिलेच.

गणिताच्या डॉक्टरास एखाद्या कॉलेजांत जागा मिळाली असेल असें वाचकांस वाटेल. तसें झालें नाहीं. हिंदी मनुष्यास तेथें शेतांतील कामावांचून दुसरें काम मिळणें दुर्घट होतें. वाळवंटांत कालव्याचें पाणी आणून पिकविलेलें इंपीरियल खोरें उन्हाळ्यांत भट्टीसारखें तापतें. तेथें सौंद कापूस वेंचणाऱ्या टोळीवर मुकादम झाले व पुढें स्वतः शेती करूं लागले.

परंतु खरी अडचण उन्हाची नव्हती, कायद्याची होती. १९२३ सालीं भगतसिंग थिंड या शीख गृहस्थांच्या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें निवाडा दिला कीं, हिंदी लोक कायद्याच्या अर्थानें ‘गोरे’ नव्हत, सबब त्यांस नागरिकत्व मिळणार नाहीं. हे थिंड पहिल्या महायुद्धांत अमेरिकेच्याच फौजेंत शिपाई होते! आणि ज्यास नागरिक होतां येत नाहीं, त्यास कॅलिफोर्नियांत शेतजमीन विकत घेतां येत नसे. नांगर धरावा यांनीं, खातें लागावें दुसऱ्याच्या नांवें, असा तो न्याय.

१९२७ सालीं मेयोबाईंचें ‘मदर इंडिया’ निघालें, तेव्हां इकडे जसा संताप झाला तसाच तिकडील हिंदी लोकांतही झाला. सौंदांनीं १९३० सालीं ‘माय मदर इंडिया’ हा उत्तरग्रंथ लिहिला. संतापापेक्षां ग्रंथ बरा, असें आमचें मत आहे.

१९४२ सालीं नागरिकत्वाच्या हक्कासाठीं त्यांनीं आपल्या लोकांची संस्था उभी केली. न्यूयॉर्ककडे सरदार जे. जे. सिंग यांचीही याच कामीं खटपट चालली होती. तेव्हां सर्व श्रेय एकट्या सौंदांस देणें न्यायाचें होणार नाहीं. श्रीमती क्लेअर बूथ लूस व श्री. इमॅन्युएल सेलर या विरुद्ध पक्षांच्या दोन सभासदांनीं बिल उचलून धरिलें, आणि २ जुलै १९४६ रोजीं अध्यक्ष ट्रूमन यांची त्यावर सही झाली. वर्षास अवघ्या १०० हिंदी लोकांस प्रवेश मिळाला खरा, पण नागरिकत्वाचें दार उघडलें. १६ डिसेंबर १९४९ रोजीं सौंद नागरिक झाले.

१९५० सालीं वेस्टमोरलंडच्या लोकांनीं त्यांस न्यायाधीश निवडलें. परंतु नागरिक होऊन एक वर्ष पुरें भरलें नव्हतें. अवघे कांहीं आठवडे कमी पडले, म्हणून जागा नाकारण्यांत आली. १९५२ सालीं ते पुन्हा उभे राहिले व पुन्हा निवडून आले. त्या वेळीं एकानें थट्टेनें विचारलें कीं, तुमच्या कोर्टांत येतांना पगड्या आम्हीं विकत घ्याव्या, कीं तुम्हीच पुरविणार? (सौंद स्वतः तेव्हां पगडी बांधीत नव्हते, हें विशेष!) लोकांच्या डोक्यावर काय आहे याची आपणांस पर्वा नाहीं, आंत काय आहे तेवढें आपण पाहतों, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं हंसतमुखानें दिलें.

१९५६ सालीं ते डेमोक्रॅटिक पक्षातर्फे काँग्रेससाठीं उभे राहिले. प्रतिस्पर्धी होत्या जॅकेलिन कॉक्रन. ध्वनीच्या वेगापलीकडे विमान नेणाऱ्या जगांतील पहिल्या स्त्री. पैसा व कीर्ति त्यांच्या बाजूस होती, मतें मात्र सौंदांस थोडीं अधिक पडलीं. परराष्ट्रव्यवहार समितीवर त्यांची नेमणूक झाली, व १९५७ सालींच हिंदुस्थानांत येऊन त्यांनीं दिल्लीस संसदेच्या सभासदांपुढें भाषण केलें. आंब्याचे डबे न आणतां परतलेला हा पाहुणा छज्जलवाडीसही जाऊन आला.

तीन वेळां ते निवडून आले. १९६२ सालीं चौथ्या निवडणुकीच्या ऐन तोंडावर त्यांस पक्षाघाताचा झटका आला, वाचा गेली, आणि ती निवडणूक ते हरले. २२ एप्रिल १९७३ रोजीं त्यांचा अंत झाला. २००७ सालीं वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या इमारतींत त्यांचें तैलचित्र लावण्यांत आलें.