श्वानांमधील हर्पीस विषाणूसंसर्ग : प्रमाण व दक्षता

श्वानांमध्ये हर्पीस विषाणूचा संसर्ग दुर्मिळ नाही. युरोपातील अनेक पाहण्यांत ४० टक्क्यांहून अधिक श्वानांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली आहेत. प्रौढ श्वानास बहुधा कोणताही त्रास जाणवत नाही; क्वचित सौम्य सर्दी-खोकला होतो. तथापि एकदा शरीरात शिरलेला विषाणू आयुष्यभर सुप्तावस्थेत राहतो आणि गर्भारपण, प्रवास किंवा अन्य ताणाच्या काळात पुन्हा सक्रिय होऊ शकतो. त्यामुळे निरोगी दिसणाऱ्या श्वानाकडूनही संसर्ग पसरतो.

खरा धोका तीन आठवड्यांखालील पिल्लांना असतो. प्रौढ श्वानाच्या शरीरापेक्षा थोड्या कमी तापमानात हा विषाणू जोमाने वाढतो आणि नवजात पिल्लांना स्वतःचे शरीर उबदार राखता येत नाही. पिल्लू दूध पीत नसेल, सतत केविलवाणे रडत असेल किंवा त्याचे अंग गार पडले असेल, तर विलंब न करता पशुवैद्यकांकडे न्यावे. अशी पिल्ले एक-दोन दिवसांतच दगावू शकतात.

घ्यावयाची दक्षता :

• विण्यापूर्वी तीन आठवडे व त्यानंतर तीन आठवडे मादीला, तसेच पिल्लांना, इतर श्वानांपासून वेगळे ठेवावे.
• पिल्लांची जागा उबदार, कोरडी व स्वच्छ असावी.
• बाहेरील श्वानास हाताळल्यावर, पिल्लांना स्पर्श करण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.
• मादीचा गर्भपात झाल्यास किंवा पिल्ले दगावल्यास पशुवैद्यकांकडून कारणाची तपासणी करून घ्यावी.

श्वानांमधील हा विषाणू माणसांना बाधत नाही. भीतीपोटी घरातील श्वानास सोडून देऊ नये.