माय-लेकरांमधली जागा

कुपवाड, १४ मे

चि. मुक्ता,

सागरेश्वरचे फोटो मिळाले. चितळाची मादी आणि पाडस यांचा फोटो तू दोनदा पाठवलास, एकदा मूळ आडवा आणि एकदा कातरून चौकोनी. चौकोनीत पाडसाचं ओलं नाक, पापण्या, सगळं गोड आलंय. पण आई गेली. डाव्या कडेला तिचा एक पाय तेवढा उरलाय, तोही नेमका गुडघ्यापाशी तुटलेला. लोक ‘कित्ती गोंडस’ म्हणतील आणि पुढे जातील.

मूळ फोटो पुन्हा उघड. आई चार पावलं पुढे आहे, मान वळवलेली, एक कान पाडसाकडे आणि दुसरा झाडीकडे. मधलं रिकामं गवत तू फालतू समजून काढलंस. माझ्या मते फोटो त्या गवतातच आहे. कातरायचंच तर वरचं पांढरं आभाळ काढ, उजवीकडची कुंपणाची जाळी काढ. अवयव सांध्यावर कधी कापू नये. कापलाच तर ठरवून कापलाय हे दिसावं. पाडसाचे खूर गवतात बुडालेत, तरी ते टेकतात तेवढी जमीन खाली राहू दे, नाहीतर पोर अधांतरी लटकतं.

आता थोडा हिशेब. तुझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० गुणिले ४०००. लांबी-रुंदी निम्मी केलीस की हातात ६ मेगापिक्सेल उरतात आणि ३०० डीपीआयला जेमतेम १० इंच रुंद प्रिंट निघते. मोबाइलवर हे कळत नाही, भिंतीवर कळतं. फोकसचंही तसंच. फुल फ्रेमवर ४०० मिमी लेन्स, १० मीटर अंतर आणि एफ ५.६ असेल तर स्पष्ट दिसणारी खोली वीतभर. त्यात आई आणि लेकरू दोन्ही मावत नाहीत. ११ वर नेलंस तर हातभर होते. त्यापेक्षा दोघं आडवी, एका रेषेत येईपर्यंत थांबावं. नाहीच आली तर पिल्लाचा डोळा धर.

आणि जवळ जाण्यापेक्षा लांब राहून नंतर कातरलेलं कधीही बरं. चितळ काय, काळवीट काय, पाडसाला गवतात दडवून आई मुद्दाम दूर चरते, पाजायला तेवढी येते. तू मधे उभी राहिलीस की ती येत नाही, पोर उपाशी. मादी टक लावून तुझ्याकडेच बघतेय असा फोटो आला तर तो तुझाच फोटो समज, तिचा नव्हे. भिलवडी-औदुंबरच्या बाजूला कृष्णेत मगरी आहेत. पावसाच्या तोंडावर अंड्यांतून आवाज आला की मगर घरटं उकरते आणि पिल्लं जबड्यात धरून पाण्यात नेते. तो फोटो कुणाला नको? पण त्यासाठी नाव काठाला लावायची नाही.

वाळवा-शिराळ्याकडे ऊसतोडीत बिबट्याचे बछडे सापडतात. आधी मोबाइलवाले जमतात, मग वन विभागाची माणसं बछडे क्रेटमध्ये ठेवून तिथेच शेतात सोडतात, रात्री मादी येऊन नेते. तिथल्या कॅमेरा ट्रॅपचे फोटो नीट बघ. काळे-पांढरे, तिरके, अर्ध्या फ्रेममध्ये नुसतं पाचट, कडेला मानेला धरून उचललेला बछडा, खाली तारीख-वेळेची पट्टी. रचनेच्या नावानं बोंब, पण मी त्याचा एक कोपरा कातरणार नाही. तिथे माणूस नव्हता म्हणून ती आली. आणि ती पट्टी म्हणजे पुरावा आहे.

स्पर्धेचं विचारलंस. मोठ्या स्पर्धांत कातरणं चालतं, फांदी पुसणं किंवा दुसऱ्या फोटोतलं पिल्लू आणून चिकटवणं चालत नाही. शेवटच्या फेरीला रॉ फाइल मागतात, तेव्हा ती डिलीट करायची नाही. (सागरेश्वरला पुन्हा गेलीस की धों. म. मोहित्यांचं नाव आठव. उघड्या-बोडक्या डोंगरावर जंगल उभं करायला ते झटले, १९८५ मध्ये अभयारण्य झालं. १०.८७ चौरस किलोमीटर फक्त, त्यामुळे जाळी फ्रेममध्ये येणारच.)

तोवर बामणोलीच्या माळावर मेंढरं येतात, त्यांच्या कोकरांवर हात बसव. मेंढकाला विचारून. रविवारी कार्ड घेऊन ये, कातरलेलं काही नको, सगळं मूळ आण. येताना तुझ्या आईकडचा जुना ट्रायपॉडही आण, त्याचा एक पाय सैल आहे, तो एमआयडीसीत दाखवून घेऊ.

तुझा,
मामा