श्रोणितलाचे स्नायू व मूत्रसंयम

खोकला किंवा शिंक आली, हसू अनावर झाले अथवा पाण्याची घागर उचलली की नकळत थोडे मूत्र बाहेर पडते, ही तक्रार अनेक स्त्रियांची असते. प्रसूतीनंतर व उतारवयात ती विशेष आढळते. संकोचामुळे ती कोणाजवळ बोलून दाखविली जात नाही. वयाचा भोग समजून सोसली जाते. प्रवास टळतो, समारंभास जाणे टळते. वास्तविक हा पुष्कळदा स्नायूंच्या दुर्बलतेचा परिणाम असतो, आणि दुर्बल स्नायू व्यायामाने बळकट करता येतात.

शरीराची रचना

कमरेच्या हाडांमधील पोकळीस श्रोणी म्हणतात. पुढील जघनास्थीपासून मागील माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले स्नायू हा तिचा तळ होय. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना हीच झोळी खालून आधार देते. खोकताना पोटातील दाब एकाएकी वाढून मूत्राशयावर पडतो. त्याच वेळी निरोगी श्रोणितल आकुंचन पावते व मूत्रमार्ग मिटलेला राहतो. प्रसूतीच्या वेळी हे स्नायू अतिशय ताणले जातात, काही वेळा फाटतातही. स्थूलता, जुनाट खोकला व मलावरोध यांमुळे त्यांवर वारंवार भार पडतो.

डॉ. केगेल यांचे कार्य

अमेरिकेतील लॉस एंजलिस येथील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामाविषयी आपला निबंध प्रसिद्ध केला. हे स्नायू डोळ्यांना दिसत नाहीत; त्यामुळे ते कसे आवळावेत हेच पुष्कळ स्त्रियांना उमगत नाही. यासाठी त्यांनी योनिमार्गात ठेवावयाचे एक दाबमापक उपकरण योजिले. स्नायू योग्य रीतीने आवळले की काटा सरके, आणि न दिसणारा प्रयत्न डोळ्यांसमोर येई.

व्यायामाची रीत

मूत्रविसर्जन करून यावे व निवांत बसावे किंवा पडावे. अधोवायू आणि मूत्राची धार एकाच वेळी रोखावयाची आहे, अशा कल्पनेने स्नायू आवळावेत. ते आत व वर उचलले गेल्यासारखे वाटले पाहिजे. श्वास रोखू नये. मांड्या व नितंब सैल असावेत. कुंथणे ही याच्या अगदी उलट क्रिया असून तिने अपायच होतो.

आवळलेले स्नायू काही सेकंद तसेच धरावेत, मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावेत. हा अवधी हळूहळू १० सेकंदांपर्यंत वाढवावा. एका वेळी निदान ८ आकुंचने, दिवसातून ३ वेळा, असा क्रम किमान ३ महिने चालवावा. खोकण्यापूर्वी किंवा ओझे उचलण्यापूर्वी स्नायू आवळून घेण्याची सवय लावावी. मात्र प्रत्यक्ष मूत्रविसर्जन चालू असताना धार थांबविण्याचा सराव करू नये. त्यामुळे मूत्राशय पूर्ण रिकामे होण्यात अडथळा येऊ शकतो.

तज्ज्ञाचा सल्ला

नेमके स्नायू ओळखता न आल्यास डॉक्टर किंवा भौतिकोपचारतज्ज्ञ साहाय्य करू शकतात. एकाएकी अनावर वेग येऊन मूत्र जाणे हा दुसरा प्रकार होय. त्यात मूत्राशयाचा स्नायू अवेळी आकुंचन पावतो. म्हणून व्यायामासोबत मूत्रविसर्जनाच्या वेळांतील अंतर क्रमाने वाढविण्याचा अभ्यासही करावा लागतो. मूत्रात रक्त दिसणे, जळजळ होणे किंवा मूत्र अडणे ही लक्षणे असल्यास वैद्यकीय तपासणी अवश्य करून घ्यावी. पुरःस्थ ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषांनाही हाच व्यायाम शिकविला जातो.

या व्यायामास साधन लागत नाही, खर्च येत नाही. लागते ती चिकाटी, आणि त्याआधी आपली व्यथा बोलून दाखविण्याचे धैर्य.