स्वर तेच, राग दोन : भूप आणि देशकार

भजनी मंडळींकडून एक शंका पुष्कळदा येते. पेटीवर पट्ट्या तर त्याच पाच दाबल्या, मग जाणकार “हा भूप नव्हे, देशकार झाला” असे का म्हणतात? शंका रास्त आहे. तिचा उलगडा झाला की राग म्हणजे काय, हे निम्मे कळले म्हणून समजावे.

दोहोंत सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर, सगळे शुद्ध. मध्यम आणि निषाद दोन्हीकडे वर्ज्य. तरी पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी भूप कल्याण थाटात घातला व देशकार बिलावल थाटात. भूपाची वेळ रात्रीचा पहिला प्रहर, देशकाराची सकाळ.

मग भेद कशात? तर मुक्कामात. दिंडी एकाच वाटेने चालते, पण गावोगाव राहत नाही. कोठे घटकाभर विसावा, कोठे रात्रीचा मुक्काम. स्वरांचेही तसेच. भूपाचा मुक्काम गंधारावर. तो वादी, धैवत संवादी. चाल सावकाश, खालच्या अंगाने: ग, रे, सा, मंद्र ध, सा रे ग, प ग, ध प ग, रे सा. देशकारात धैवत वादी, गंधार संवादी. ओढ वरच्या अंगाकडे: सा ध, ध प, ग प ध प, ग रे सा. रिषभावर तेथे थांबायचे नाही, ओझरते शिवून खाली यायचे. म्हणून भूप शांत, दिवेलागणीचा वाटतो. देशकार उजळ, जागा करणारा.

पडताळा घरीच घ्या. पेटीची काळी तीन हा षड्ज धरा, म्हणजे पाचही स्वर काळ्या पट्ट्यांवरच येतात. आधी फिरून फिरून काळी पाचवर, म्हणजे गंधारावर, या. मग पुढची काळी दोन हा धैवत. त्यावर ठाण मांडा. कान आपण होऊन सांगेल.

हे जपायचे कशासाठी? काकड्यानंतर देशकारात अभंग धरला आणि म्हणणारा सवयीने गंधारावर रेंगाळला, तर भर सकाळी सांज होते. पाठीमागचे टाळकरी गोंधळतात. एक इकडे ओढतो, दुसरा तिकडे, आणि अभंगाचे बोल बाजूला राहतात. तेव्हा मंडळी, चाल बसवताना पहिल्याने एवढे ठरवा: आपला मुक्काम कोठे?