मणी देशी की परदेशी? दागिन्यांच्या कच्च्या मालाचा हिशेब

नथीइतका अस्सल मराठी दागिना शोधून सापडणार नाही. पण त्या नथीतील मोती मात्र पिढ्यान् पिढ्या समुद्रापलीकडूनच आलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इराणच्या आखातातील, ‘बसऱ्याचे’ म्हणून ओळखले जाणारे मोती मुंबईच्या बाजारात उतरत. त्यांची प्रतवारी होई, त्यांना छिद्रे पाडली जात आणि पुढे ते पॅरिसपर्यंत पोहोचत. १९३० च्या सुमारास जागतिक मंदी आणि जपानचे संवर्धित मोती यांनी मिळून तो व्यापार बसविला. आज बाजारातील बहुतेक साधे मोती चीनमध्ये, विशेषतः झेजियांग प्रांतातील झूजी परिसरात, गोड्या पाण्यातील शिंपल्यांत वाढविलेले असतात. तेव्हा ‘देशी घ्यावे की परदेशी’ हा प्रश्न दागिन्यांच्या बाबतीत दिसतो तितका सरळ नाही.

हा प्रश्न आमच्या शाखेत अलीकडे वारंवार विचारला जातो. घरी बसून नथ, तुशी, मोहनमाळ किंवा मण्यांचे आधुनिक दागिने करणाऱ्या भगिनी, चार-सहा कारागिरांची छोटी कार्यशाळा चालविणारे तरुण, बचतगट, असे कितीतरी ग्राहक परदेशी विक्रेत्याचा दर दाखवून विचारतात, “साहेब, तोच मणी तिकडे निम्म्या किमतीत आहे. थेट मागवू का?” प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा हिशेबाच्या अंगाने विचार केला आहे. सोन्या-चांदीची आयात हा निराळा विषय आहे. तिचे नियम वेगळे असून ते अधिसूचनांनी वरचेवर बदलतात. म्हणून येथे काचमणी, मोती, तारा, जोडकड्या, फिरक्या, आकडे अशा मालापुरतेच बोलू.

घरचा बाजार

आपल्या देशात हा माल कोठे तयार होतो, याची माहिती पुष्कळ कारागिरांना नसते, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. उत्तर प्रदेशातील हाथरस जिल्ह्यात पुरदिलनगर नावाचे गाव आहे. तेथे घरोघरी दिव्याच्या ज्योतीवर काचमणी घडविले जातात. फिरोजाबादच्या बांगड्या सर्वांना ठाऊक आहेत. वाराणसीच्या काचमण्यांना तर भौगोलिक निर्देशांकही लाभला आहे. संभलमध्ये शिंग व हाडाचे मणी होतात, जलेसरात पितळी घुंगरू व घंटा, मुरादाबादेत पितळी काम. गुजरातमधील खंभातचे अकीक आणि कार्नेलियनचे मणी हडप्पा काळापासून दूरदेशी जात आले आहेत. हैदराबादेत बाहेरून आलेले मोती स्वच्छ करणे, त्यांना छिद्र पाडणे आणि प्रतवारीने लडी बांधणे हा पिढीजात व्यवसाय आहे. नकली दागिन्यांचे सुटे भाग हवे असतील, तर मुंबईत भुलेश्वर व मालाड, गुजरातेत राजकोट आणि दिल्लीत सदर बाजार व किनारी बाजार ही ठिकाणे पुरेशी आहेत.

मात्र सदर बाजारात किंवा भुलेश्वरात मांडलेला सगळा माल देशी नसतो. त्यांतील बराच माल घाऊक व्यापाऱ्याने चीनमधील यिवूसारख्या बाजारातून आधीच आणलेला असतो. ग्राहक ज्याला ‘देशी खरेदी’ म्हणतो, ती पुष्कळदा आयातच असते. फक्त ती दुसऱ्या कोणीतरी केलेली असते. त्या व्यापाऱ्याने कंटेनर भरून माल आणला, सीमाशुल्क भरले, डॉलरच्या चढउताराची जोखीम घेतली, फुटका माल सोसला आणि तुम्हाला पाव किलो मणी वजन करून दिले. तो जो नफा घेतो, तो या सेवांचा मोबदला आहे. म्हणून खरा प्रश्न असा की, त्याने केलेली ही सर्व कामे आपण त्याच्याहून कमी खर्चात करू शकतो का?

परदेशी किमतीचा गुणक

एक उदाहरण घेऊ. यातील दर केवळ हिशेबासाठी गृहीत धरले आहेत. प्रत्यक्ष दर मालाच्या वर्गीकरणानुसार बदलतात व ते सीमाशुल्क दलालाकडून खात्री करूनच घ्यावेत. समजा, ३०० डॉलरचे काचमणी मागविले आणि डॉलर ९० रुपये आहे. मालाची किंमत झाली २७,००० रुपये. कुरिअरचे भाडे ८० डॉलर, म्हणजे ७,२०० रुपये. शुल्कासाठी मूल्य काढताना हवाई भाडे मालकिमतीच्या २० टक्क्यांहून अधिक धरले जात नाही, म्हणून ५,४०० रुपये धरू. विम्याचा आकडा हाती नसेल, तर तो १.१२५ टक्के, म्हणजे ३०४ रुपये धरतात. शुल्कपात्र मूल्य झाले ३२,७०४ रुपये.

त्यावर मूळ सीमाशुल्क २० टक्के धरले, तर ६,५४१ रुपये. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, ६५४ रुपये. या सर्वांच्या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर १८ टक्के धरला, तर ७,१८२ रुपये. बँकेचे आणि कुरिअरच्या सोडवणुकीचे आकार मिळून २,५०० रुपये धरू. एकूण खर्च ५१,०७७ रुपये. पडद्यावर २७,००० दिसणारा माल दारात येईपर्यंत १.८९ पट झाला.

येथे दोन करांतील भेद नीट ध्यानात घ्यावा. व्यापारी वस्तू व सेवा कराखाली नियमित नोंदणीकृत असेल, तर ७,१८२ रुपयांच्या कराची वजावट त्याला पुढील विक्रीवर मिळते. सीमाशुल्क व अधिभार यांची वजावट कोणालाही मिळत नाही; ती रक्कम खर्चातच जाते. (दागिने निर्यात करणाऱ्यांसाठी शुल्क परताव्याच्या व अग्रिम प्राधिकाराच्या योजना आहेत, त्यांना हे वाक्य जसेच्या तसे लागू नाही.) म्हणजे नियमित नोंदणीकृताचा गुणक १.६३. आपसमेळ, म्हणजे कंपोझिशन योजनेतील अथवा नोंदणी नसलेल्या कारागिराला वजावटच नसल्यामुळे त्याचा गुणक १.८९ राहतो. घरगुती व्यवसाय करणाऱ्या बहुसंख्य भगिनी या दुसऱ्या गटात मोडतात. त्यांना देशी बिलावरील कराचीही वजावट मिळत नाही हे खरे. पण देशी व्यापाऱ्याने भरलेले सीमाशुल्क त्याच्या मोठ्या खरेदीत विभागलेले असते.

तोच माल दहापट, म्हणजे ३,००० डॉलरचा मागविला, भाडे ४०० डॉलर लागले आणि इतर आकार ६,००० रुपये झाले, तर कराची वजावट घेणाऱ्याचा गुणक १.४१ पर्यंत खाली येतो. भाडे आणि आकार हे मालाच्या प्रमाणात वाढत नाहीत, हेच याचे कारण. म्हणून माझा ठोकताळा असा: परदेशी दराला दोनाने गुणावे आणि तरीही तो स्थानिक दरापेक्षा कमी असेल, तरच लहान मागणीचा विचार करावा. ठोकताळा ढोबळ आहे, पण त्याने फसगत टळते.

नकली दागिन्यांचे तयार नग मागविणाऱ्यांनी तर अधिकच सावध असावे. २०२२ च्या अर्थसंकल्पात अशा दागिन्यांवर किलोमागे किमान ४०० रुपये शुल्काची तरतूद झाली. स्वस्त आणि वजनदार मालाची किंमत कमी दाखविण्याला आळा घालणे हाच तिचा हेतू होता. सुटे भाग आणि तयार दागिना यांचे वर्गीकरण वेगळे असते. अर्धवट जुळविलेला नग कोठे बसेल, हे मागणी नोंदविण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

एका पार्सलाची गोष्ट

आमच्या एका ग्राहक भगिनीचे उदाहरण येथे देतो. त्या वडोदऱ्यात राहतात. त्यांच्या नथी इंदूर, पुणे, बेळगावपर्यंत जातात. गणपतीच्या हंगामासाठी त्यांनी परदेशी विक्रेत्याकडून ६४० डॉलरचे चपटे मोती मागविले आणि पैसे आपल्या वैयक्तिक कार्डाने भरले. विक्रेत्याने आपण होऊन सुचविले, “पार्सलावर ‘भेटवस्तू, किंमत २५ डॉलर’ असे लिहितो, म्हणजे शुल्क लागणार नाही.” बाईंना ते सौजन्य वाटले.

पार्सल अडकले. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पैसे भरल्याचा पुरावा मागितला. कार्डाच्या विवरणपत्रात ६४० डॉलर स्पष्ट होते. भेटवस्तू म्हणून शुल्कमुक्त माल आणण्याची सवलत डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली आहे. अपवाद फक्त जीवरक्षक औषधांचा आणि राखीचा. किंमत कमी दाखविणे हा तर सीमाशुल्क अधिनियम, १९६२ अन्वये माल जप्तीस व दंडास पात्र असा अपराध आहे, आणि जबाबदारी आयातदाराची धरली जाते. परदेशातील विक्रेता नामानिराळा राहतो. शिवाय व्यवसायासाठी माल आणायचा, तर आयात-निर्यात सांकेतिक क्रमांक, म्हणजे आयईसी, लागतो. तो बाईंकडे नव्हता. शुल्क, दंड आणि माल सोडविण्याची रक्कम भरून मोती हाती आले, तेव्हा दिवाळीही उलटली होती.

त्या माझ्यासमोर बसल्या होत्या तेव्हा त्यांना दंडाहून अधिक दुःख एका गोष्टीचे होते. घेतलेल्या मागण्या पुऱ्या करण्यासाठी त्यांनी मध्यंतरी हैदराबादच्या व्यापाऱ्याकडून तातडीने मोती आणविले होते. त्याचा दर, बिलासह आणि घरपोच, त्यांच्या ‘स्वस्त’ मोत्यांपेक्षा कमी पडला होता. “हे आधी विचारायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. मी मनात म्हटले, त्यांचे चालू खाते तीन वर्षे आमच्याकडे होते. आम्हीही कधी विचारले नव्हते.

आयईसी मिळविणे अवघड नाही. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ५०० रुपये भरून तो घेता येतो. पॅन क्रमांक हाच आयईसी असतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती अद्ययावत करावी लागते, अन्यथा तो निष्क्रिय होतो. रक्कम बँकेमार्फत पाठविली की तिची नोंद रिझर्व्ह बँकेच्या आयडीपीएमएस प्रणालीत होते. माल आल्याचे कागद, म्हणजे बिल ऑफ एंट्री, तिला जोडले जाईपर्यंत ती नोंद उघडी राहते. ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने दहा लाख रुपयांपर्यंतच्या नोंदी आयातदाराच्या घोषणापत्रावर मिटविण्याची सवलत दिली. तिचा फायदा लहान व्यावसायिकांनाच अधिक आहे. फक्त घोषणापत्र खरे हवे.

परदेशी माल केव्हा?

असे असले तरी आयात करूच नये, असे माझे म्हणणे नाही. जपानी बारीक मणी आकाराने व छिद्राने इतके एकसारखे असतात की, विणकामाच्या दागिन्यांत त्यांना सहज पर्याय सापडत नाही. चेक प्रजासत्ताकातील याब्लोनेत्सच्या मण्यांचे रंगही तसेच. हाताने घडविलेल्या देशी मण्यांत लहानमोठेपणा असतो. तो काही दागिन्यांना शोभतो, काहींना खपत नाही. येथे दर किलोवर न पाहता उपयोगी पडलेल्या मण्यावर पाहावा. किलोला ४०० रुपयांच्या मालातील पाचवा हिस्सा निवडून टाकावा लागला, तर खरा दर ५०० रुपये होतो. निवडण्यात गेलेल्या दुपारी वेगळ्याच. युरोपात दागिने पाठविणाऱ्यांनी निकेल, शिसे व कॅडमियम यांच्या चाचणीचा दाखला पुरवठादाराकडून मागावा, मग तो राजकोटचा असो वा यिवूचा. तेथे दागिन्यांतील शिशाची मर्यादा वजनाच्या ०.०५ टक्के आणि कॅडमियमची ०.०१ टक्के आहे.

एकाच परदेशी पुरवठादारावर विसंबण्याचा धोकाही आहेच. स्वारोव्स्कीने २०२०-२१ मध्ये सुट्या स्फटिकांची विक्री मोजक्या भागीदारांपुरती आवरती घेतली, तेव्हा जगभरच्या लहान कारागिरांना आपली नमुनावही बदलावी लागली होती.

त्या वडोदऱ्याच्या भगिनी आता मोती हैदराबादहून, एकाच लडीच्या प्रतीचे, तीन महिन्यांचे एकदम घेतात. जपानी मणी मात्र त्या आपल्यासारख्याच आणखी दोघींशी मिळून वर्षातून एकदा मागवितात. आयात त्यांच्या आयईसीवर होते आणि दोघींना त्या रीतसर बिल देतात. चिनी नववर्षाच्या सुट्या जानेवारी-फेब्रुवारीत येतात व तेथील कारखाने आठवडे बंद राहतात, म्हणून चीनकडील एखादी फिरकी किंवा साखळी हवी असल्यास तिची मागणी त्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच नोंदवितात. मागच्या वेळी मागणीचे कागद घेऊन त्या शाखेत आल्या, तेव्हा विक्रेत्याच्या बिलावर छापलेली किंमत त्यांनी मला स्वतःहून बोट ठेवून दाखविली.