खेळाचे व्यसन : एक मानसशास्त्रीय विचार

व्हिडिओ गेम सुटत का नाही? याचे उत्तर बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत सापडते. चोच मारताच दर वेळी दाणा मिळणारे कबुतर दाणा बंद झाला की लवकर थांबते. परंतु दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसेल, तर ते पुष्कळ वेळ चोच मारीतच राहते. १९६० च्या दशकात मुंबईत फोफावलेला मटका याच अनिश्चिततेवर जगला. सुप्याच्या एस.टी. थांब्यावर ‘एकच डाव’ म्हणून मोबाईल उघडणाऱ्या विद्यार्थ्याचीही हीच गत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये हे व्यसन विकार म्हणून मान्य केले. ताबा सुटणे व नुकसान दिसूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे होत. म्हणून केवळ दुबळ्या मनाला दोष देऊन भागत नाही. डाव मांडण्यापूर्वीच वेळ ठरवावी. कारण असा खेळ आपणहून संपत नाही, तो संपवावा लागतो.